राळ, लंगोट आणि सोमवारची रात्र

ज्या माणसाला टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती खोटी असते हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो माणूस हमखास आमच्या शेजारी राहायला येतो. साताऱ्याला होतो तेव्हा तो वरच्या मजल्यावर होता. सांगलीला बदली झाली तर समोरच्या बिऱ्हाडात निघाला. माणूस वेगळा, वाक्य तेच. दाराशी चपला काढायच्या, पडद्याकडे एक नजर टाकायची आणि सरकारी गुपित फोडल्याच्या आवाजात म्हणायचं, "हे सगळं आधी ठरलेलं असतं बरं का!" यावर आमचे चिरंजीव "हो काका" म्हणत आणि टीव्हीचा आवाज वाढवत.

या सांगलीच्या काकांना मी एकदा विचारलं, "गेल्या महिन्यात भावे नाट्यमंदिरात 'एकच प्याला' बघताना तुम्ही उपरण्यानं डोळे पुसत होतात. तेव्हा उठून का नाही सांगितलंत, की प्याल्यात कोकम सरबत आहे आणि सिंधू प्रयोग संपल्यावर मिसळ खायला जाणार आहे?"

"अहो, पण ते नाटक आहे!" काका म्हणाले.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हेही नाटकच आहे. गेली तीस-बत्तीस वर्षं दर सोमवारी रात्री, म्हणजे आपल्या मंगळवारी पहाटे, अमेरिकेत त्याचा प्रयोग लागतो. त्याचं नाव 'रॉ'. रॉ म्हणजे कच्चं. इतकी पक्की तालीम झालेल्या गोष्टीला कच्चं म्हणायचं धाडस फक्त नाटकवालेच करू शकतात. आणि नाटकच असेल, तर त्याचं परीक्षण करायचा पहिला मान आम्हा सांगलीकरांचा. वृत्तपत्रांनी हे काम क्रीडा प्रतिनिधींवर सोपवलं नाही आणि नाट्यसमीक्षकांवरही नाही, म्हणून ते माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाच्या गळ्यात पडलं आहे.

मान आमचा का, तेही सांगतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या काळच्या नाटकांची रीत आठवा. सूत्रधार कथा गाणार. नटांना लिहिलेले संवाद नाहीत. कोण जिंकणार आणि कोण मरणार हे ठरलेलं, मधलं सगळं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. एक देव पार्टी, एक राक्षस पार्टी. राक्षस यायचे ते सरळ चालत नव्हेत. आधी राळ उडायची, भपकन उजेड व्हायचा, मग 'अलल डुर्र' अशी आरोळी आणि तलवारींचा खणखणाट. पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची.

आता अंडरटेकर येतो कसा ते पाहा. दिवे जातात. घंटेचा टोल पडतो. धूर सुटतो. काळ्या झग्यातला पावणेसात फुटांचा इसम मर्तिकाला निघाल्यासारखा एकेक पाऊल टाकत येतो, आणि पूर्वी तर त्याच्यापुढे एक गोलमटोल गृहस्थ हातात अस्थिकलश घेऊन चालायचा. ही राळच झाली की! फरक इतकाच, की राळेला आणा-दोन आणे पडत आणि इथं विजेचं बिल येतं. तिकडेही पक्ष दोनच, देव आणि राक्षस. शेवट ठरलेला, मधला भाग पैलवानांनी कुस्ती चालू असताना एकमेकांच्या कानात कुजबुजून रचायचा. सूत्रधाराच्या जागी दोन समालोचक बसतात, एवढंच. विष्णुदासांना आज रॉचा एखादा प्रयोग दाखवला, तर ते फक्त विचारतील, "गणपतीचं स्तवन कुठं गेलं?"

या नाटकाची जन्मतारीख ११ जानेवारी १९९३. जागा न्यूयॉर्कचं मॅनहॅटन सेंटर नावाचं जुनं, आटोपशीर सभागृह. प्रयोग तासाभराचा. पहिल्या रात्रीची शेवटची कुस्ती याच अंडरटेकरनं मारली. त्याआधी असल्या कुस्त्या टीव्हीवर नव्हत्या असं नाही. पण त्या बहुधा अगोदर चित्रित करून सावकाश दाखवायच्या. इथं समोर गर्दी, ओरडा, आत्ता काय होईल याची धाकधूक, असा खेळ दर आठवड्याला घरात आला. मालक व्हिन्स मॅकमन यांनी त्यापूर्वीच, १९८९ साली, न्यूजर्सीच्या विधिमंडळाला कळवून टाकलं होतं, की आमची कुस्ती हा खेळ नसून करमणूक आहे. ही काही सत्याची ओढ नव्हती. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आणि तिचा खर्च मागं लागे. म्हणजे आमचे शेजारी जे गुपित फोडत होते ते मालकानं आधीच, पैसे वाचवण्यासाठी, सरकारदरबारी नोंदवून ठेवलं होतं.

आमच्याकडे हे प्रकरण आलं ते केबलवाल्याच्या काळ्या वायरीतून. नव्वद सालानंतर ही वायर गच्च्यांवरून, पेरूच्या झाडातून आणि एके ठिकाणी मारुतीच्या देवळाच्या कळसाला वळसा घालून साताऱ्यात शिरली. पोरांच्या दप्तरात पैलवानांच्या पत्त्यांचे कॅट आले. उंची, वजन, छाती, दंड, किती लढला, किती जिंकला. सतराचा पाढा न येणाऱ्या मुलाला योकोझुनाचं वजन पौंडात पाठ. अंडरटेकर मरून पुन्हा जिवंत होतो यावर तर अख्ख्या आळीचा विश्वास होता. १९९६ साली 'खिलाड़ियों का खिलाड़ी'मध्ये अक्षयकुमारनं त्याला लोळवलं तेव्हा पोरांत उभी फूट पडली. पुढं कळलं, की सिनेमातला अंडरटेकर हा ब्रायन ली नावाचा नट-पैलवान, आणि त्यानं त्याआधी १९९४ साली खुद्द अमेरिकेतल्या नाटकात नकली अंडरटेकरची भूमिका केली होती. नकलीचा नकली! आमच्या संगीत नाटकांतसुद्धा एवढा वेषांतराचा घोळ नसे.

खरा जाणकार प्रेक्षक मला भेटला तो १९९८च्या सुमारास. कडेगावकडचे आमचे एक मामा मोतीबिंदूसाठी मिरजेला आले आणि चार दिवस आमच्याकडे राहिले. मामा तरुणपणी पैलवान. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून पाचशे रुपयांच्या इनामापर्यंत पोचलेले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं ते रॉ बघत बसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. तेवढ्यात समोरचे काका आलेच आणि त्यांनी आपलं वाक्य म्हटलं.

मामा म्हणाले, "खोटं कसं? पडतोय त्यो खराच की!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. उताणं पडताना तो गडी हनुवटी छातीला लावतो, म्हणजे डोकं आपटत नाही. दोन्ही हात पसरून जमिनीवर मारतो, म्हणजे दणका अंगभर वाटला जातो. खाली काही मऊ गादी नाही. लोखंडी तुळया, वर फळ्या, वर पातळसं अस्तर आणि कॅनव्हास. "आमी जलमभर पाठ लागू दिली न्हाई," मामा म्हणाले, "आन् ह्येला पगारच पाठ लावायचा. सोपं वाटतंय व्हय?"

माझ्या माहितीत या खेळाचं याहून नेमकं परीक्षण कोणी केलेलं नाही. कुस्ती म्हणजे पाठ वाचवणं. हा खेळ म्हणजे पाठ रोज नव्या तऱ्हेनं, आणि समोरच्याला इजा न करता, गमावणं. दोन्ही विद्याच. थोड्या वेळानं एकानं दुसऱ्याच्या टाळक्यात लोखंडी खुर्ची घातली तेव्हा मात्र मामा अस्वस्थ झाले. "मंडपवाल्याच्या खुर्च्या न्हवं ह्या? मोडल्या तर भरून कोन देतं?" जत्रेची वर्गणी गोळा केलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. मी तरी काय उत्तर देणार!

या नाटकाचा सुवर्णकाळ म्हणजे १९९७ ते २००१. त्याला कारण स्पर्धा. सप्टेंबर १९९५पासून दुसऱ्या एका कंपनीनं सोमवारीच, त्याच वेळी, 'नायट्रो' नावाचा प्रयोग सुरू केला आणि पुढं लागोपाठ त्र्याऐंशी आठवडे प्रेक्षकसंख्येत रॉला पाठ टेकायला लावली. त्या काळातली एक रात्र मला फार आवडते. ४ जानेवारी १९९९. रॉचा प्रयोग आधीच चित्रित झालेला होता. नायट्रोच्या समालोचकानं, वरून आलेल्या हुकमावरून, आपल्या प्रेक्षकांना निकालच सांगून टाकला, की आज तिकडे मॅनकाइंड अजिंक्य होणार आहे. हेतू असा, की निकाल कळल्यावर तिकडे कोण कशाला बघेल? झालं उलटं. लाखो लोकांनी तेवढ्यासाठी चॅनेल बदललं! मॅनकाइंड म्हणजे चामडी मुखवट्यातला, मळक्या कपड्यातला, हातात पायमोज्याचं बाहुलं घालून फिरणारा, जन्मभर मार खाल्लेला जीव. तो जिंकणार आहे म्हणताच लोकांना ते बघायचंच होतं. आमच्या कोणाही कीर्तनकारानं त्या समालोचकाच्या मालकाला फुकटात सांगितलं असतं, की बाबा, द्रौपदीला वस्त्रं मिळणार हे ठाऊक असूनच लोक देवळात येतात. ही साधी गोष्ट न कळलेली ती कंपनी मार्च २००१मध्ये मॅकमननं विकत घेतली.

मॅकमनची दुसरी अक्कलहुशारी अशी, की त्यानं खलनायकाची भूमिका स्वतःकडे घेतली. मालकानं मालकाचंच काम करायचं. कोट, टाय, ताठ चाल, नोकरांना तुच्छतेनं बोलणं. आणि त्याच्यासमोर स्टीव्ह ऑस्टिन नावाचा टकला, बियर पिणारा, कुणाचं न ऐकणारा कामगार. मार्च १९९९मध्ये या ऑस्टिननं बियरचा ट्रक थेट सभागृहात आणला आणि नळी धरून मालकाला न्हाऊ घातलं. त्या भागाची टेप मी तीनदा पाहिली. तेव्हा माझ्या रजेच्या अर्जावर साहेबांचा शेरा यायला अकरा दिवस लागत. साहेबांना बियर नको, निदान चितळ्यांच्या दुधाच्या टँकरनं तरी… असो. सौ. म्हणाली, "एवढं काय हसताय?" ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगावं लागू नये. ज्या नाटकात कारकुनाला साहेब दिसतो ते नाटक चांगलं, अशी माझी समीक्षेची कसोटी आहे आणि ती मी बदलणार नाही.

पण त्याच वर्षी, २३ मे १९९९ला, कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट नावाचा पैलवान छतावरून दोरानं खाली उतरण्याच्या करामतीत कडी सुटून पडला आणि गेला. तो सोमवारचा प्रयोग नव्हता, महिन्याचा मोठा प्रयोग होता. प्रेत हलवलं आणि खेळ पुढं चालू ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या रॉमध्ये देव आणि राक्षस दोघेही भूमिका सोडून रडले. खेळ थांबवला नाही हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. नाटक मंडळीत राजा विंगेत खरोखर कोसळला, तर पडदा पाडतात. पडदा पाडायची ज्याला लाज वाटते त्याला नाटकवाला म्हणायला जीभ धजत नाही.

नंतरचा इतिहास भराभर सांगण्याजोगाच आहे. २००२मध्ये नाव बदललं. पूर्वीची 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' ही अक्षरं वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या, पांडाच्या चित्राच्या संस्थेचीही होती. ती कोर्टात गेली आणि एवढ्या धिप्पाड मंडळींना पांडानं चितपट केलं. निकाल आधी न ठरलेली त्यांची ती बहुधा एकच लढत. तेव्हापासून 'डब्ल्यूडब्ल्यूई'. २००६मध्ये आपला दलीपसिंग राणा 'द ग्रेट खली' म्हणून आला आणि आल्या आल्या त्यानं अंडरटेकरला आडवा केला. पुढच्या वर्षी तो जगज्जेताही झाला. आमच्या पेठेत पेढे वाटले गेले. पण मला ते काम आवडलं नाही. सात फुटांचा माणूस, पंजाब पोलिसांत नोकरी केलेला, आणि त्यानं तोंड उघडायचं नाही. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं, त्यानं फक्त गुरगुरायचं. आपला माणूस मिळाला तो राक्षस पार्टीत! निदान 'अलल डुर्र' तरी म्हणू द्यायचं.

१९९७मध्ये दोन तासांचा झालेला प्रयोग २०१२च्या जुलैपासून तीन तासांचा केला, आणि तिथं तो सैल पडला. संगीत नाटकं उजाडेपर्यंत चालत हे मान्य, पण त्यात गाणी असत. इथं तीन तास भरायला माणसं नुसती येऊन भाषणं करतात, ते आम्हाला निवडणुकीत फुकट मिळतं. जानेवारी २०२५पासून रॉ नेटफ्लिक्सवर गेलं आणि एप्रिलपासून आपल्याकडेही तिथंच दिसू लागलं. केबलवाल्याची वायर देवळाच्या कळसाला अजून लोंबते आहे, तिच्यातून येत मात्र काही नाही.

आता कुणी म्हणेल, सातारा-सांगलीत बसून या परक्या राळेचं कौतुक कशाला, इथं लाल माती काय कमी आहे? कमी नाहीच. पुसेगावला सेवागिरींच्या यात्रेत किंवा कुंडलच्या मैदानावर हलगी कडाडली, की माझ्यासारख्या बिनदंडाच्या माणसालाही शड्डू ठोकावासा वाटतो. पण खरी कुस्ती फार बेभरवशाची. तासभर मैदान ताटकळत ठेवायचं, मग दोन मल्ल मानेवर हात टाकून वीस मिनिटं झुलत राहायचे आणि आपण तपकीर ओढायला मान वळवावी तेवढ्यात ढाक लागून निकाल! कधी पंच बरोबरीत सोडवतात आणि मैदान 'नुरा, नुरा' म्हणून ओरडतं. मॅकमननं असला प्रयोग एकदा लावला असता, तर तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले असते. खऱ्याला वेळापत्रक पाळता येत नाही.

टीव्हीला साजेसं करायचे प्रयत्न झाले. २०१८मध्ये झी टॉकीजनं बालेवाडीला संघ पाडून मॅटवर दंगल भरवली, दिवे-बिवे लावून. ती काही सोमवार-सोमवार घर करून राहिली नाही. अमेरिकेचं अनुकरण म्हणाल, तर आपण नको त्या ठिकाणी केलं. त्यांच्याकडे रॉचा एक विजेता आणि स्मॅकडाउनचा दुसरा. आपल्याकडेही २०२३च्या अखेरीस महाराष्ट्र केसरी दोन झाल्या, एक फुलगावला आणि एक धाराशिवला. पंचाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत पंच आठवड्याला दोनदा लाथ खातो आणि टाळ्या पडतात. २०२५मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत एका मल्लानं चिडून पंचाला खरीच लाथ मारली, त्याला तीन वर्षांची बंदी झाली. हेच बरोबर आहे. खऱ्या कुस्तीचं नाटक करायचं नसतं. आमच्या मुलुखाचं दुर्दैव निराळंच आहे. तालीम आणि रंगभूमी शेजारी शेजारी वाढल्या, पण तालमीतली गोष्ट रंगभूमीला कुणी सांगितली नाही. मैदानावरचा निवेदक तेवढा मल्लाचं गाव, वस्ताद, जुन्या कुस्त्या घडाघडा सांगतो. हलगी थांबली, की तेही विरून जातं.

१९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुनवतचे गणपत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. दोघेही सांगली जिल्ह्याचे. हा जिल्हा दोनच वर्षांपूर्वीपर्यंत दक्षिण सातारा म्हणवला जात होता. आमच्या चिरंजीवांच्या पत्त्यांच्या कॅटात या दोघांचं पान नव्हतं. आणि कुस्ती म्हटलं की लोक कोल्हापूरच म्हणतात ते वेगळंच.

तीच गत खाशाबा जाधवांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, म्हणून कोल्हापूरकर त्यांनाही आपले म्हणतात. १९४८ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी सात हजार रुपयांसाठी आपलं राहतं घर गहाण टाकलं. तिथं दमवणाऱ्या एका कुस्तीनंतर लगेच दुसरीला उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. तरी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मॅकमनच्या लेखकांना यातला नुसता तो गैरहजर अधिकारी मिळाला असता, तर त्यांनी सहा महिने खेळ चालवला असता. इथं पुढचा भाग खाशाबांनी स्वतःच उभा केला. परत आल्यावर कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी.

पदक घेऊन ते कऱ्हाड स्टेशनवर उतरले तेव्हा मिरवणुकीला १५१ बैलगाड्या होत्या. त्यातली एक आमच्या मामांच्या चुलत्याची. मामा तेव्हा बारा वर्षांचे. चुलत्यानं गाडीत भावकीतली सगळी पोरं कोंबली आणि मामांना म्हैस राखायला मागं ठेवलं, कारण ती व्यायची होती. त्या दिवशी ती व्यायली नाही ती नाहीच. मिरजेहून परत जाईपर्यंत मामांनी मला ही हकिकत चार वेळा सांगितली. चुलता जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, पण त्याचं नाव निघालं की मामा पट्टीचा डोळाही पलीकडं फिरवत.